डबरीतली मच्छरदाणी

मित्रांनो, भागाबाईच्या नातीच्या घरी स्वयंपाकघराच्या खिडकीवर एक पिवळट जाळीचा तुकडा ठोकलेला आहे. त्याच्या एका कडेला विटक्या गुलाबी कापडाची पट्टी दिसते. तो तुकडा म्हणजे मी. कधीकाळी मी खाटेएवढी, चार कोपऱ्यांना चार नाड्या असलेली अख्खी मच्छरदाणी होते. माणसाला डासांपासून वाचवायचं म्हणून मला शिवलं होतं. ते काम मी केलंच. पण माझ्या आयुष्यातले खरे पावसाळे पाण्यात गेले, आणि तेच मला आज तुम्हाला सांगायचे आहेत.

माझं सूत नागपूरच्या गिरणीत विणलं गेलं. गुलाबी काठ मला दुर्गच्या बाजारातल्या एका म्हाताऱ्या शिंप्याने लावला. भिलाईच्या पोलाद कारखान्यात पहिली भट्टी पेटली ते वर्ष. त्याच वर्षी शालिकराम नावाच्या माणसाने मला विकत घेतलं आणि सायकलच्या कॅरिअरला बांधून जवळच्या मरोदा गावात आणलं. शालिकराम मूळचा भंडाऱ्याकडचा शेतकरी. आता तो कारखान्यात डूटीला जात असे. त्याची बायको भागाबाई. तिच्या मामांनी मरताना मरोदाच्या शिवारातलं एक एकर रान तिच्या नावाने केलं होतं, म्हणून ही दोघं इथे येऊन राहिली होती.

त्या एकराचं काय झालं ते आधी ऐका. कारखान्याच्या माणसांसाठी क्वार्टर बांधायला विटा लागत होत्या. विटांना माती लागत होती. एका वीटवाल्या ठेकेदाराने गावातल्या बऱ्याच जणांची माती मागितली, आणि शालिकरामने अर्धं शेत त्याला खणू दिलं. माती गेली. मागे दोन पुरुष खोल खड्डा राहिला. तिकडे त्याला डबरी म्हणतात. पावसाळ्यात नाल्याला पूर आला आणि डबरी काठोकाठ भरली. धान गेलं, डास आले. आणि डास आले म्हणूनच मी त्या घरात आले, कारण शालिकरामची मुलगी जया पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती.

ठेकेदार पुन्हा एकदा येऊन गेला. उरलेल्या अर्ध्याची माती त्याला हवी होती. शालिकराम देऊन टाकायला तयार होता. डबरीचा काठ दरवर्षी ढासळत होता आणि डूटीवरून आल्यावर नांगर धरायला अंगात बळ उरत नव्हतं. भागाबाईला ते नको होतं.

"तेवढंच तं उरलं हाय मामाचं," ती म्हणायची. "तेबी खणलं तं दारात उभं राहून मी पाहू काय?"

"पाणी पाह्यजो," शालिकराम म्हणायचा, आणि मग त्याला स्वतःलाच ते लागायचं.

अशात गावात मासळीच्या खात्याचा एक माणूस येऊ लागला. विजयकुमार त्याचं नाव. नागपूरचा तरुण, इस्त्रीचा शर्ट, सायकलला पुढे लटकवलेली पिशवी. पिंपळाखाली त्याने पुरुषांची सभा घेतली आणि छापील कागदावरून हिंदीत वाचून दाखवलं. बायकांना कोणी बोलावलं नव्हतं. शालिकराम फर्स्ट शिफ्ट करून तसाच सभेला गेला. पाच गोष्टी ऐकल्या, तीन लक्षात ठेवून घरी आला. मी तेव्हा ओसरीवर खाटेच्या वर टांगलेली होते, म्हणून सगळं ऐकलं.

"डबरीत मासे पेरा लागते म्हणे," तो म्हणाला. "रोहू, कतला. कलकत्त्याहून बीज येते रेल्वेनं."

"मासे का कोणी पेरते जी?" भागाबाई हसली. "ते तं पुरासंगं येते."

"पुरासंगं येते ते दुसऱ्याले खाणारे. मरळ, मांगूर. ते पयले मारा लागते. मोहाची ढेप टाकली का ते मरते, अन् पंधरा रोजानं पाणी साफ. मंग बीज सोडायचं." तो ओसरीवर टेकला. "होळीपर्यंत पाहू. मासे झाले तं शेत राहीन. नाही झाले तं देऊन टाकू ठेकेदाराले. हाव का नाही?"

"हाव," भागाबाई म्हणाली.

शेजारचा धोंडबा कुंपणावरून ऐकत होता. त्याचंही अर्धं शेत असंच डबरी झालं होतं. "काय गा शालिकभाऊ, मासे पेरून राहिला म्हणे? मंग निंदण-डवरणी कधी करतो?" सगळे हसले. पण दुसऱ्या दिवशी त्याने हळूच विचारलं, "तुही जमली तं सांगजो बरं. पुढच्या साली मीबी करीन."

शालिकरामने मोहाची ढेप आणली. मोहाचं तेल काढल्यावर जो चोथा उरतो ती ढेप. डूटीवर जाताना भागाबाईला म्हणाला, "आज टाकून देजो. फोडून, भिजवून, सगळीकडे."

ती टोपली घेऊन डबरीवर गेली. जया पोटावर हात धरून तिच्यामागे गेली होती. आठवा महिना सुरू होता तिचा. मी कुंपणावर उन्हात वाळत होते.

पाण्यावर काठाजवळ लालसर काहीतरी हललं. कोणी कुंकू सांडावं तसं, आणि ते कुंकू सरकत होतं. हजारो बारीक पिल्लं एका झुबक्याने फिरत होती. त्यांच्याखाली एक काळी, जाड पाठ हळूहळू चालली होती. मरळ होती ती. मरळ आपल्या पिल्लांना सोडून जात नाही. झुबक्याखाली राहून राखण करते.

"पाह्य वो जया," भागाबाई कुजबुजली. "लेकुरवाळी हाय."

"माय, किती पिल्लं हो!"

"मोजू नोको. लेकरं मोजत नसते."

भागाबाई टोपली धरून बराच वेळ उभी राहिली. तिच्या माहेरी नदीकाठची रीत होती. घरात बाळंतपण व्हायचं असेल तर लेकुरवाळ्या मासोळीवर कोणी जाळं टाकत नसे. अशी मासोळी जाळ्यात आलीच तर सोडून देत. ही रीत तिला कोणी बसवून शिकवली नव्हती. लहानपणापासून पाहिलेली होती. तिने जयाकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, आणि टोपली उचलून घरामागे गेली. सगळी ढेप तिने वांग्याच्या वाफ्यांत पसरली.

संध्याकाळी शालिकराम म्हणाला, "टाकली ना वो?"

"टाकली," ती म्हणाली.

मित्रांनो, एवढाच एक शब्द होता.

श्रावणात दुर्ग स्टेशनवर मातीच्या हंड्या उतरल्या. हावड्याकडून येताना माणसं रात्रंदिवस त्या हंड्यांतलं पाणी हाताने हलवत आली होती, कारण पाणी थांबलं की पिल्लं गुदमरतात. विजयकुमारने एक हंडी शालिकरामच्या घरी आणून दिली. त्यात धानाच्या दाण्याएवढी पिल्लं होती.

"यांना एकदम सोडायचं नसतं," तो म्हणाला. "बोटाएवढी होईपर्यंत बारीक कापडाच्या घरात ठेवायची. त्याला हापा म्हणतात. खात्याचं कापड आलं होतं, पण ते मोठ्या तलाववाल्यांकडे गेलं." मग त्याने दारातून माझ्याकडे पाहिलं. "अशी मच्छरदाणी असली तरी चालतं."

"बाळंतिणीची हाय साहेब ते," भागाबाई म्हणाली.

त्याने पुन्हा मागितली नाही. माझ्या आत त्या वेळी दहा दिवसांची तारा निजली होती, जयाची मुलगी. तिची मूठ माझ्या जाळीला लागायची. मी त्या दिवशी डबरीत गेले नाही याचं मला वाईट वाटत नाही. पण पिल्लं तशीच उघड्या पाण्यात सोडली गेली, आणि डबरीत मरळ होती.

कार्तिकात जाळं फिरवलं तेव्हा अर्धं गाव काठावर आलं. जाळ्यात हाताएवढ्या लांब दोन मरळी आल्या, पोट फुगलेल्या. त्यांच्यामागे आणखी काही लहान मरळी. रोहू एकही नाही, कतला एकही नाही.

"ढेप टाकली होती ना?" विजयकुमारने विचारलं.

"टाकली जी," शालिकराम म्हणाला. "हिनं सोताच्या हातानं टाकली."

भागाबाईने पदर नीट केला. विजयकुमारने वहीत काहीतरी लिहिलं आणि सायकलकडे जाताना स्वतःशीच म्हणाला, "इन लोगों से नहीं होगा." त्याला वाटलं कोणी ऐकलं नाही. भागाबाईने ऐकलं.

लोक पांगले. धोंडबा तेवढा जाता जाता म्हणाला, "बरं झालं गा, मी थांबलो ते." महिनाभरात त्याने आपलं उरलेलं अर्धं शेत ठेकेदाराला देऊन टाकलं. त्यात लाखोळीची डाळ उभी होती, गुडघ्याएवढी, निळ्या फुलांवर आलेली. खणणारे येण्याआधी धोंडबाची बायको मैनाबाई ती हिरवीच उपटू लागली. भागाबाई तिच्या मदतीला गेली. दोघी दिवसभर वाकून लाखोळी उपटत होत्या. मैनाबाई बोलत होती, भागाबाई नुसती हं हं करत होती. घरी आल्यावर तिने भाकरी थापली पण खाल्ली नाही.

जया तोवर सासरी गेली होती. मला घडी करून खुंटीवर ठेवलं होतं. माघात एका सकाळी विजयकुमार कागद घेऊन आला. डबरी ज्याच्या नावाची त्याचा अंगठा हवा होता, म्हणजे भागाबाईचा. शालिकराम अंगणात सायकलची चेन पुसत होता. त्याचं मन ठरलेलं होतं. होळी झाली की ठेकेदार यायचा होता.

विजयकुमारने कागद वाचला. सांगितल्याप्रमाणे ढेप टाकली, बीज सोडलं, तरी मासे झाले नाहीत, असं त्यात होतं.

"त्या कागदावर अंगठा नाही देत मी," भागाबाई म्हणाली. "कागद खोटा हाय."

"म्हणजे?"

"ढेप मी डबरीत टाकलीच नाही. वांग्याले टाकली."

शालिकरामच्या हातातला चिंधीचा बोळा खाली पडला. "वांग्याले?" तो ओरडला. "अन् मी साऱ्या शिफ्टमधी सांगून राहिलो का साहेबाचं सायन्स खोटं हाय! फोरमनलेबी सांगतलं!"

"सांगा आता का बायको खोटी हाय," ती म्हणाली. "धोंडबाभाऊचं शेत माह्यापायी गेलं. तुम्ही आपलंबी द्याल. मंग मी कोणाकोणाले तोंड दाखवू?"

विजयकुमार खाटेच्या काठावर बसला. कागद त्याने पिशवीत घातला. इतके महिने तो या लोकांशी हिंदीत बोलत होता. त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्या तोंडून घरची बोली निघाली.

"पण कावून मावशी? कावून नाही टाकली?"

मग तिने सगळं सांगितलं. कुंकवासारखा झुबका, खालची काळी पाठ, जयाचा आठवा महिना, माहेरची रीत. सांगताना ती त्याच्याकडे पाहत नव्हती. तो हसेल असं तिला वाटत होतं.

तो हसला नाही. म्हणाला, "मी चार गावांत सांगितलं, ढेप टाका. तोंडावर नाही कोणी म्हणत नाही. हाव जी, हाव जी. अन् टाकतबी नाही. मी समजून राहिलो का लोक आळशी हायेत. एकालेबी विचारलं नाही." आणि मग, "माही मायबी नसती टाकली, मावशी."

"मंग आता?" शालिकराम म्हणाला. राग होताच, पण तो ऐकत होता. "औंदाबी लेकुरवाळी आली तं? काढल्या त्या मरळीचे बच्चे हायेच डबरीत."

"येऊ द्या," भागाबाई म्हणाली. "मारायलेच कावून पाह्यजे? पोरीले कसं दुसऱ्या घरी धाडतो, तसं धाडू. गावतळ्यात. तिथं कोणी बीज टाकत नाही."

विजयकुमार विचारात पडला. हे त्याच्या कागदावर नव्हतं. "आई जाळ्यात येईल. पण पिल्लं? जाळ्यातून निसटतील सगळी. एवढं बारीक जाळं कुठे..."

तो बोलत होता आणि भागाबाईची नजर खुंटीवर गेली होती. माझ्यावर.

शालिकरामने एक पावसाळा दिला. "एकच," तो म्हणाला. "अन् औंदा टोपली मी धरतो."

आषाढात झुबका पुन्हा दिसला. मला घेऊन शालिकराम आणि विजयकुमार छातीभर पाण्यात उतरले. इस्त्रीचा शर्ट काठावर काढून ठेवला होता. त्यांनी मला पाण्याखालून, अगदी हळू, झुबक्याच्या तळाशी नेलं. पाणी कसं असतं ते मला तेव्हा कळलं. अंग जड होतं आणि तरी तरंगतं. मरळीने मला पाहिलं असावं. ती पळाली नाही, पिल्लांच्या आणखी जवळ आली. आणि दोघांनी चारही कोपरे एकदम वर उचलले. तिच्या शेपटीचा एक फटका मला असा बसला की गुलाबी काठ वीतभर उसवला. पण आई आणि पिल्लं, सगळी माझ्या झोळीत होती.

भागाबाईने घमेल्यात पाणी घेऊन ती सगळी त्यात घेतली, वर हळदकुंकू वाहिलं आणि घमेलं डोक्यावर घेऊन निघाली. धोंडबा बांधावर उभा होता.

"काय वो वहिनी, मासोळीची वरात काढली काय?"

"वरात नाही भाऊजी," ती न थांबता म्हणाली, "पाठवणी."

त्यानंतर शालिकरामने ढेप टाकली, एक मूठही वांग्याला न देता. पंधरा दिवसांनी चार बांबू रोवून मला डबरीत उलटं बांधलं. माझं छत तळ झालं. हंडी आली. या वेळी विजयकुमारने ती ओतू दिली नाही. आधी पाण्यावर तरंगत ठेवली, डबरीचं पाणी ओंजळ ओंजळ आत घातलं. आतलं-बाहेरचं पाणी सारखं कोमट झालं तेव्हा ती आडवी केली. पिल्लं आपण होऊन माझ्यात आली.

ते तीन आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. भागाबाई रोज सकाळी गुडघाभर पाण्यात येऊन माझ्या बाहेरून हात फिरवायची, कारण शेवाळ बसलं की आतलं पाणी कोंडतं. कोंडा आणि ढेप चाळून मुठीने टाकायची. एकदा खेकड्याने मला भोक पाडलं तर तिने पाण्यात उभं राहूनच सुईदोऱ्याने शिवलं, पिल्लं निसटू नयेत म्हणून भोकाला बोट लावून. विजयकुमारला वाटेत भेटली की ती विचारायची आणि तो सांगायचा. कधी तो विचारायचा आणि ती सांगायची. पिल्लं बोटाएवढी झाली. तिकडे त्यांना बोटुकली म्हणतात. एका सकाळी माझी एक बाजू पाण्यात खाली केली आणि सगळी बोटुकली डबरीत गेली.

फाल्गुनात, होळीच्या चार दिवस आधी, जाळं फिरवलं. रोहू निघाले, कतला निघाले, डोकी केवढाली. ठेकेदार काठावर येऊन उभा होता.

"माती नाही भेटत," शालिकराम त्याला म्हणाला. "मासे पाह्यजे असन तं थांब."

अर्धं शेत राहिलं. गोष्ट इथे संपली असती तर मलाही बरं वाटलं असतं. पण भागाबाईने पळसाच्या पानात सगळ्यात मोठा कतला गुंडाळला आणि धोंडबाच्या अंगणात गेली. मला तिने खांद्यावर घेतलं होतं.

"भाऊजी," ती म्हणाली, "परसालचे मासे ढेप टाकूनबी मेले असं तुमाले वाटते. तसं नाही. ढेप मी टाकलीच नव्हती. अन् कोणाले सांगतलं नाही."

मैनाबाई सूप घेऊन दारात थबकली.

धोंडबाने समोर पाहिलं. त्याच्या अंगणापुढे, जिथे लाखोळी होती, तिथे सरळ उतरता खड्डा होता. "म्हंजे मी उगाच देऊन बसलो," तो म्हणाला.

"हाव," ती म्हणाली.

त्याने मासा घेतला नाही. भागाबाईने तो परत नेला नाही. पान तसंच उंबऱ्यावर राहिलं. शेवटी मैनाबाईने ते उचलून आत नेलं. तो मासा कोणी खाल्ला की नाही, मला माहीत नाही.

"तुमची डबरी आता माह्यापेक्षा मोठी हाय," भागाबाई म्हणाली. तिने मला खांद्यावरून उतरवून त्याच्या खाटेवर ठेवलं. "लेकुरवाळी दिसली तं मले बोलवा. कसं काढायचं ते मले ठाऊक हाय."

धोंडबाने आषाढात तिला बोलावलं. हसून नाही, बोलावलं एवढंच. तिने सगळं दाखवलं. मैनाबाई रोज माझं शेवाळ पुसू लागली. त्या डबरीच्या तळाशी एका बाभळीचं खोड राहिलं होतं. दुसऱ्या साली मी त्यात अडकले आणि मधोमध फाटले. माझे तुकडे झाले. एक मैनाबाईने ताक गाळायला घेतला, एक भागाबाईने वांग्याच्या रोपांवर टाकला, असं करत करत उरला तो ताराने जपला.

विजयकुमारनेही एक गोष्ट बदलली. पुढच्या सभांना तो बायकांना पुढे बसवू लागला. कागद वाचून झाला की तो पिशवीत घालून विचारायचा, "आता सांगा, यातलं तुमच्यानं काय होणार नाही? अन् कावून?" मग सभा लांबायच्या. त्याचे वरचे साहेब वैतागायचे.

मित्रांनो, तुमच्यातले कोणी मोठे होऊन असेच कागद घेऊन गावोगाव जाल. ज्या हातांनी काम व्हायचं आहे त्या हातांना विचारल्याशिवाय उठू नका. हाव जी म्हटलं म्हणजे ते पटलं असं समजू नका. आणि तुमच्यातलं कोणी टोपली धरून काठावर उभं असेल आणि हात पुढे जात नसेल, तर 'टाकली' म्हणू नका. हात का थांबला ते सांगा, लाज वाटली तरी सांगा. भागाबाईने सांगितलं, पण एक हिवाळा उशिरा. तिचं अर्धं शेत वाचलं. धोंडबाच्या डबरीत पुढे खूप मासे झाले. लाखोळी मात्र तिथे पुन्हा कधी आली नाही.